भिंतीतली काकवी

आमच्या बेलापूरच्या घराला भोकं फार होती. छपराला नव्हेत, छपराचे पत्रे धड होते. भोकं होती ती भिंतींना, तीही आतल्या बाजूनं, आणि त्याचं सगळं श्रेय माझ्या वडिलांचं. आम्ही त्यांना दादा म्हणायचो आणि अरे-तुरेच करायचो, तेव्हा इथंही तसंच लिहिते. तर दादाला खिळे ठोकायचा भारी सोस. कोणतीही वस्तू खाली पडलेली त्याला बघवायची नाही, ती टांगलेलीच पाहिजे. कंदील, आरसा, छत्री, घोंगडी, बैलांच्या घुंगुरमाळा, आईची चाळणी, माझं दप्तर, सगळं भिंतीवर. विटांचं बांधकाम, वर चुन्याचा गिलावा, तोही जुनाट. पहिला खिळा कधी बसायचाच नाही. दोन ठोक्यांत गिलाव्याचा पोपडा निघायचा, खिळा वाकायचा, मग दादा "ही जागाच नासकी हाय" म्हणून भिंतीला बोल लावायचा आणि वीतभर सरकून दुसरा खिळा ठोकायचा. आई चुलीपुढून ओरडायची, "अहो, भिंत हाय का चाळणी?" दादा म्हणायचा, "चाळणी तुझी हाय. तीच टांगायला ठोकतोय न्हवं का?"

घर तीन खोल्यांचं. पुढची बैठकीची, मधली झोपायची, मागं चूल. शेत गावाबाहेर, ऊस आणि गहू. हंगामात कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्यांच्या बैलांचे घुंगरू पहाटेपासून वाजायचे आणि गुऱ्हाळ लागलं की सगळ्या गल्लीला उकळत्या रसाचा वास यायचा. त्या वासानं मला अजून भूक लागते. आई हुलग्याची शेंगोळी करायची, लसूण ठेचून, लालभडक रश्शाची, आणि जेवताना सगळ्यांच्या नाकातून पाणी. आमच्या घरात सगळ्यात जास्त तिखट खायची ती सुमनआत्या, दादाची धाकटी बहीण. नाक ओढत, डोळे पुसत खायची आणि वर "वहिनी, आज जरा कमी झालंय" म्हणायची. आई लाटणं उगारायची.

आत्याचं लग्न पाथर्डीकडच्या एका गावात झालं होतं. दोन उन्हाळे जेमतेम संसार झाला असेल, तर कावीळ होऊन तिचा नवरा गेला. दादा एसटीनं जाऊन तिला घेऊन आला. बरोबर एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेला नवऱ्याचा फोटो, काचेच्या जड चौकटीतला. आल्या आल्या दादानं हातपाय धुतले, हातोडी घेतली आणि बैठकीत दारासमोरच्या भिंतीवर मोठा खिळा ठोकायला लागला. राग कुणावर होता देव जाणे, निघाला भिंतीवर. गिलाव्याचा ढलपा पडला, पाठोपाठ विटेचा तुकडा, आणि मूठ आत जाईल एवढं भगदाड झालं. मग त्यात लाकडाची गिट्टी बसवून, तिच्यात खिळा मारून त्यानं फोटो टांगला. आत्या उंबऱ्यावर बसून नुसती बघत होती. फोटोतला माणूस पोरसवदा, कान बाहेर आलेले, आणि फोटोवाल्यानं दटावून बसवल्यासारखा ताठ. आत्या रोज सकाळी केर काढला की पदरानं त्याची काच पुसायची.

पुढची काही वर्षं ती माझ्याच अंथरुणात झोपायची. मला एकटीला झोप यायची नाही आणि तिलाही यायची नसणार. माझे केस तिनं विंचरले, मला शिवण तिनं शिकवलं, शाळेत मारामारी करून आले तर आईच्या आधी तीच विचारायची, "तू मारलंस का तिनं?" मी मारलं म्हटलं की गुपचूप गूळ-शेंगदाणे द्यायची. आई माझी होतीच, पण आत्या माझी जास्त होती. हे आईला माहीत होतं आणि तिनं कधी वाईट वाटून घेतलं नाही. एवढं मोठं मन मला माझ्या सुनेच्या बाबतीत जमत नाही, हेही सांगून टाकते.

मी चौदा-पंधरा वर्षांची असेन तेव्हा पुणतांब्याहून आत्यासाठी निरोप आला. सोपानराव म्हणून एक शेतकरी होते, गोदावरीकाठी जमीन. बायको बाळंतपणात गेलेली, पदरात एक लहान मुलगी आणि घरात म्हातारी आई. निरोप त्या म्हातारीचा होता. आत्या पसंत पडली तर येत्या अमावास्येला पाट लावून घेऊन जाऊ, असा.

आताच्या पोरींना पाट सांगावा लागतो. आमच्यात विधवेला दुसरा नवरा करता यायचा, पण त्याला लग्न म्हणायचे नाहीत. पाट म्हणायचे. तो दिवसा लावायचा नाही. अंधार पडल्यावर चार माणसांत उरकायचा, वाजंत्री नाही, मांडव नाही, आणि सवाष्णींनी त्या जोडप्याचं तोंडही बघायचं नाही. चोरी करावी तसं माणूस घरात न्यायचं. बाईची सोय लागते ना, मग झालं तर, असं सगळ्यांचं म्हणणं. गंमत अशी की बाप्याची बायको गेली तर तो दुसऱ्यांदा घोड्यावर बसायचा आणि पुढं ताशा वाजायचा.

दादानं निरोप ऐकला आणि पानाची पिंक टाकून आला. "बघायला या म्हनावं," निरोप्याला म्हणाला. "पन पाट-बिट काय न्हाई. माझ्या बहिनीचं लगीन व्हईल, आन् ते दिवसा व्हईल." आईनं कपाळावर हात मारून घेतला. तो माणूस गेल्यावर म्हणाली, "अहो, घरी चालून आलेलं स्थळ. मानूस चांगला हाय म्हनत्यात. तुमी कशाला अडून बसता? वन्सं सारा जलम अशाच काढतील." दादा म्हणाला, "अंधारात नेलेल्या बाईला अंधारातच ठेवत्यात. मला तिला उजेडात द्यायचीय." मग, "घराला रंग देऊ. कुवार पोरीला बघायला येत्यात तवा देत्यात तसा. त्यांना दारातच कळलं पायजे, आमी हिला काय समजतो ते."

आत्या मधल्या खोलीत माझ्याशेजारी बसून हे ऐकत होती. मी तिला हळूच विचारलं, "तुला जायचंय का गं?" ती म्हणाली, "म्हाईत न्हाई शोभे." आणि बराच वेळ माझी वेणी सोडत, पुन्हा घालत बसली. मला ती जायला नको होती. पण गल्लीतल्या हळदीकुंकवाला तिला दारातून परत पाठवलेलंही मी पाहिलं होतं, आणि तेव्हा तिचा चेहरा कसा झाला होता तेही. म्हणून मी देवाला एकच मागत होते, की तिला नेऊ दे, पण दादा म्हणतोय तसं नेऊ दे.

रंग द्यायचा तर आधी भोकं भरायला हवीत. सगळं सामान अंगणात निघालं. लिंबाखाली तीन दगडांची चूल मांडली. दादा पकड घेऊन एकेक खिळा उपटायला लागला आणि प्रत्येक खिळ्यामागं नवा पोपडा. खिळा कुइं करून निघायचा, मागून भसकन माती. आत्या आणि मी विळीच्या मोडक्या पात्यानं सुटलेला गिलावा खरडत होतो. भोकाच्या कडा कच्च्या ठेवायच्या नाहीत, ठोकून घ्यायच्या, आतला भुगा कुंच्यानं झाडायचा, मग पाण्याचा शिपका मारायचा. कोरड्या विटेला काही धरत नाही. हे आम्हाला आमच्या गल्लीतल्या हुसेनचाचांनी सांगितलं. ते गवंडी होते आणि दादाचे दोस्त. धुरळा इतका की आमच्या भुवया पांढऱ्या झाल्या. आई म्हणाली, "आत्या-भाची दोघी म्हाताऱ्या झाल्या गं माझ्या." तिच्या बाजरीच्या भाकरीतसुद्धा चुना कचकचत होता आणि तरी त्या लिंबाखालच्या भाकरी मला फार गोड लागल्या होत्या.

परवा नगरला मुलाच्या फ्लॅटमध्ये रंगकाम निघालं. कानात वायरी घातलेली दोन पोरं आली, पिशवीतली तयार पावडर पाण्यात कालवून भराभर भोकांत लांबी भरली, पॉलिश पेपरनं घासली, आणि संध्याकाळी भिंतीवरून हात फिरवला तर बोटाला काही लागेना. मी त्यांना म्हटलं, "छान केलंत रे बाबांनो." ती म्हणाली, "आजी, तुम्ही जरा लांब बसा, धूळ उडतेय." त्यांचं बरोबर होतं, पण मला काही उठवलं नाही. मी आपली पदर नाकाला लावून बघत बसले.

तर हुसेनचाचा. भोकं भरायला चुना आणि चाळलेली रेती कालवायची, हे त्यांनीच सांगितलं. जाता जाता म्हणाले, "जुन्या कामांत चुन्यात गूळ बी घालायचे भाऊ, बेलाचा गर घालायचे. किल्ले काय उगाच उभे हायेत?" एवढं बोलून ते श्रीरामपूरला कामावर गेले. किती घालायचा, चुना किती दिवस भिजवायचा, हे ते सांगायचे राहिले की दादानं ऐकायचं सोडलं, यावर दोघांचं पुढं अनेक वर्षं भांडण होतं. दादाच्या डोक्यात किल्ला बसला. गूळ फोडा, विरघळवा, एवढा दम कुणाला? घरात गुऱ्हाळातून आणलेली काकवी होती, चांगला डबाभर. पातळच असते, बरं झालं, असं म्हणून त्यानं ती अख्खी चुन्याच्या घमेल्यात ओतली. आई धावत येईपर्यंत डबा रिकामा. "अहो, पोरीला भाकरीसंगं लागती ती!" दादा थापीनं ढवळत म्हणाला, "काय हुतंय? भिंत बघ आता कशी फत्तर हुती."

मिश्रण मात्र दिसायला झकास झालं होतं. तपकिरी, चकचकीत, आणि भोकात दाबलं की गप्पकन बसायचं. आम्ही अंगठ्यानं दाबत गेलो. कंदिलाचं भोक, आरशाचं भोक, घोंगडीचं, छत्रीचं. मी मधूनमधून बोट चाटून घेत होते. सगळी झाली आणि बैठकीतली दारासमोरची भिंत तेवढी राहिली. तिच्यावर फोटो तसाच होता. बाकीचं सामान बाहेर गेलं तरी त्याला कुणी हात लावला नव्हता. दादा थापी घेऊन तिथं उभा राहिला, मग म्हणाला, "पानी पिऊन येतो." आई म्हणाली, "भाकरी करपंल." दोघंही निघून गेले. पाहुणे येणार त्या घरात हा फोटो ठेवायचा नाही, हे सगळ्यांना कळत होतं आणि तो काढ असं तिला सांगायला कुणाची जीभ रेटत नव्हती.

आत्यानं स्टूल ओढलं. फोटो काढला, पदरानं काच पुसली, रोज पुसायची तशीच, आणि जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. ट्रंकेची कडी लावून ती बाहेर आली आणि लिंबाखाली पाण्याचा तांब्या हातात धरून उभ्या असलेल्या भावाला म्हणाली, "दादा, भर आता ते." दादानं ते भोक भरलं. गिट्टी उपटली, विटेचे तुकडे आत कोंबले, आणि घमेल्यात उरलं होतं तेवढं सगळं काकवीचं कालवण एकाच दमात दाबून बसवलं. थर देत, प्रत्येक थर सुकू देत भरायचं असतं. पण त्याला ते लवकर संपवायचं होतं. मला वाटतं तो रडत होता, पण चुना डोळ्यात गेला म्हणाला.

मग नीळ घातलेल्या चुन्याचे हात मारले. आकाशी रंग, इतका सुंदर की आई दारात उभी राहून "बाई गं" म्हणाली. दादा मिश्या पिळत फिरत होता. आणि दुसऱ्या दिवशी भोकं फुटली. फुटली म्हणजे काकवी वर आली. जिथं जिथं भरलं होतं तिथं तिथं आकाशी रंगातून तपकिरी ठिपका उमटला, ओला, चिकट. दादानं वरून आणखी एक हात मारला. तोही पिऊन ठिपके पुन्हा वर. आणि मग मुंग्या आल्या. कुठून आल्या, कुणी निरोप दिला, काही कळेना. जमिनीपासून प्रत्येक ठिपक्यापर्यंत सरळ काळी रांग. आईनं प्रत्येक ठिपक्याभोवती हळदीचं रिंगण ओढलं, तर मुंग्या वळसा घालून जायला लागल्या. हुसेनचाचा कामावरून आले, दारात थांबले, आणि म्हणाले, "अरे भाऊ, भिंत भरायची हुती का चिक्की करायची हुती?"

सगळ्यात वाईट दशा त्या मोठ्या भोकाची. ताटाएवढा डाग, बरोबर दारासमोर. आईला वाटलं, देवाची तसबीर लावून झाकावा. पण त्या ओल्या लगद्यात खिळा उभा राहीना. आत जायचा आणि तसबिरीसकट खाली यायचा. देवाची काच तडकली तेव्हा आईनं नाद सोडला. "राहू द्या," म्हणाली, "आपलं नशीब." आत्या डागाकडे बघत होती.

पाहुणे आले ते सकाळच्या उन्हात. सोपानराव, त्यांची आई आणि मुलगी मंदा. सोपानराव उंच, काळेसावळे, टोपी हातात घेऊन बसलेले, पाणी विचारलं तर "व्हय" आणि पुन्हा विचारलं तर "न्हाई", एवढंच बोललेले. म्हातारी मात्र खणखणीत. घोंगडीवर बसली आणि भिंतींवरून नजर फिरवून म्हणाली, "हे काय गं बाई, भिंतीला देवी आल्यात का?" आईचा चेहरा पडला. दादा म्हणाला, "नव्या पद्धतीचा रंग हाय." म्हातारी म्हणाली, "आन् मुंग्या?"

तेवढ्यात मंदा. चार-पाच वर्षांची असेल. ती कधीची भिंतीपाशी मुंग्यांच्या रांगेमागं मागं चालली होती. आरशाच्या भोकापाशी थांबली, बोटानं जरासं खरवडलं, आणि सगळ्यांच्या देखत बोट तोंडात घातलं. "आजे," ती ओरडली, "ह्यांची भिंत गोड हाय!"

आणि मागच्या खोलीतून आत्याचं हसू ऐकू आलं. ती चहा गाळत होती. तिला ते आवरेचना. खळाळून हसत, पदर तोंडात कोंबत, हातातला चहा सांडत ती तशीच बाहेर आली. इतक्या वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. सोपानरावांनी मान वर केली ती तेव्हा. आत्यानं चहा ठेवला, मंदाला ओढून जवळ घेतलं, तिचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "अगं, त्यात चुना हाय, पोट दुखंल. मी देते की तुला काकवी. असली तर."

सगळं छान चाललं होतं. माझ्या मनात आलं, जमलं. तोच म्हातारीनं समोर बोट केलं. "आन् हे येवढं मोठं कशाचं?"

आई घाईनं म्हणाली, "देवाची तसबीर हुती."

"न्हाई वहिनी," आत्या म्हणाली. मंदा तिच्या मांडीवरच होती. "माझ्या मालकांचा फोटो हुता तितं."

म्हातारीनं सुस्कारा टाकला. वाईट बाई नव्हती ती. "काढला ते बरं केलं," म्हणाली. "गेल्या मानसाला संगं घेऊन यायचं नसतं पोरी. पाटाची रीत हाय. मागलं मागं टाकायचं." मग तिनं कमरेची चंची सोडली आणि त्यातून चांदीचा एक लहानसा टाक काढला, बोटाच्या पेराएवढा, त्यावर बाईचा आकार ठोकलेला. "आन् ही आमची रीत. ही आमची गेलेली सून. हिला तुला गळ्यात घालावं लागंल. जलमभर."

ही रीतही सांगावी लागेल. पहिली बायको वारलेली असेल तर दुसरीनं तिच्या नावाचा टाक मंगळसूत्रात ओवून वागवायचा. तिला सवत म्हणायचं. सणाला आधी तिला नैवेद्य, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं. न केलं तर ती बाधते, अशी समजूत. पुरुषाला मात्र बायकोच्या पहिल्या नवऱ्याचं काही वागवावं लागत नाही.

आत्यानं टाकाकडे बघितलं, मग मांडीवरच्या मंदाकडे. "घालीन की," ती म्हणाली. "हिच्या आईचा हाय, का न्हाई घालनार? जपून वागवीन. पन आत्याबाई, मला एक सांगा. तुमची सून मी गळ्यात घेऊन फिरंन. मग माझ्या मानसानं कुठं जायचं?"

आई डोळ्यांनी खुणा करत होती, गप बसा, गप बसा. आत्या थांबली नाही. आवाज तिचा चढला नव्हता, उलट खाली आला होता. "मला पाट नको आन् लगीनबी नको, काय नको. तुमच्या भिंतीवर एक खिळा द्या. तेवढा द्या, मी येते."

"असं कुठं आसतंय का?" म्हातारी ताठ झाली. "बाप्याच्या घरात दुसऱ्या बाप्याचा फोटू? लोक शेन घालतील तोंडात." ती दादाकडे वळली. "तुमी तरी सांगा तिला."

दादा उठून उभा राहिला होता. एवढा आटापिटा केला तो ह्या बहिणीसाठी, आणि आता ती स्वतःच सगळं मोडते आहे, हे त्याला दिसत होतं. आई त्याचं धोतर मागून ओढत होती. तो म्हणाला, "माझी बहीन बोलली ते बोलली. मी काय सांगनार?" आणि खाली बसला.

सोपानराव समोरच्या डागाकडे बघत होते. मुंग्या त्यावर चढत-उतरत होत्या. त्यांनी टोपी मांडीवर ठेवली आणि आत्याला विचारलं, "नाव काय त्यांचं?"

बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. जिवंतपणी घ्यायचं नाही, गेल्यावरही नाही. कधी घेतलंच तर उखाण्यात गुंफून, आणि विधवेला उखाणा कोण घालतो? तो माणूस गेल्यापासून आमच्या घरात त्याचं नाव कुणीच घेतलं नव्हतं. आम्ही "पाथर्डीवाले" म्हणायचो. दादानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण प्रश्न त्याला नव्हता. आत्यानं पदर सारखा केला.

"रामनाथ," ती म्हणाली.

"रामनाथराव," सोपानराव म्हणाले. नाव नीट लक्षात ठेवावं तसं. मग म्हणाले, "आमच्या भिंती मातीच्या हायेत. खिळा धरत न्हाई. खुंटी ठोकावी लागंल." आणि मग, "ठोकतो."

आत्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. दादानं विचारलं, "आन् लगीन? दिवसा का?"

"दिवसाच करू," सोपानराव म्हणाले. "मंदीला रातच्याला झोप येती. तिला बघता आलं पायजे."

आता सगळे म्हातारीकडे बघत होते. ती तळहातावरच्या टाकाकडे बघत बसली होती. रागावली आहे, उठून जाईल, असं मला वाटलं. ती उठली खरी, पण गुडघ्यावर हात टेकत आत्यापाशी आली आणि तिच्याशेजारी खाली बसली. टाक तिनं आत्याच्या हातावर ठेवला.

"कमल नाव हुतं हिचं," ती म्हणाली. "लई गुनाची हुती गं माझी. कुनी तिचं नावबी काढत न्हाई आता घरात." आणि एवढी खणखणीत बाई लहान पोरीसारखी हमसून रडायला लागली.

आत्यानं टाकावर मूठ मिटली. दुसरा हात म्हातारीच्या पाठीवर ठेवला.

"कशी हुती ती?" आत्या म्हणाली. "सांगा की मला."